शेवटची एसटी आणि एक पीएच.डी. : आरोग्य व्यवस्थापनातल्या एका संशोधनाचं प्रकरण

हे प्रकरण एका परिचारिकेचं आणि रुग्णालयातून घरी जाताना होणाऱ्या उशिरावरच्या त्यांच्या पीएच.डी.चं आहे. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून त्या नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागल्या, नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं, वॉर्ड इन्चार्ज झाल्या, मग हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये एमबीए केलं. आज त्या क्वालिटी मॅनेजर आहेत. पद बदललं, पांढरा गणवेश गेला, तरी वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. मीही इथे तेच म्हणते. मी त्यांची गाईड. रुग्णालयाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. सिस्टरांनी हे लिखाण वाचून होकार दिला, त्यानंतरच ते पुढे ठेवते आहे. यात माझीही एक चूक आहे आणि ती त्यांना जवळजवळ एका वर्षाला पडली.

२०२३ च्या सुरुवातीला त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा हातात दोन पानी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा होता. विषय : ‘नाशिक जिल्ह्यातील निवडक खासगी रुग्णालयांतील आरोग्य विमा सेवांचा रुग्ण-समाधानावर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’. पाच पर्यायांची प्रश्नावली, ३८४ रुग्ण, चार गृहीतकं. असे सिनॉप्सिस मी वर्षाला डझनभर वाचते. त्यातला ३८४ हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये दिलेल्या, नमुना किती मोठा घ्यावा हे सांगणाऱ्या तक्त्यातून येतो. ९५ टक्के विश्वास पातळी, ५ टक्के चूक आणि निम्मं-निम्मं प्रमाण धरलं, की लोकसंख्या कितीही मोठी असली तरी नमुना त्या आसपास येऊन थांबतो. पण त्यासाठी नमुना खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा असावा लागतो. त्या दिवशी वॉर्डात जो भेटला त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला, तर ३८४ काय आणि ५० काय, सारखंच. हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही, आणि मग तीन-चार वर्षांची मेहनत अशा पायावर उभी राहते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मी सिनॉप्सिस बाजूला ठेवला आणि विचारलं, “सिस्टर, इतकी वर्षं वॉर्डात काढलीत. कुठल्या गोष्टीने तुमचा जीव तुटतो?”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी सुरगाण्याकडच्या एका आजींची गोष्ट सांगितली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली, तब्येत ठणठणीत. सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले, “आज घरी जायचं बरं का आजी.” आजींनी लगेच लुगडं बदललं, गाठोडं बांधलं. कागदपत्रं पुरी होऊन गेटपास हातात पडला तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते. सीबीएस बसस्थानकावरून सुरगाण्याकडे जाणारी शेवटची गाडी निघून गेली होती. बेड दुसऱ्या रुग्णाला दिलेला. मायलेकांनी रात्र जिन्याखाली काढली. सकाळी ड्युटीवर आलेल्या सिस्टरांनी त्यांना तिथे पाहिलं.

“आणि मॅडम,” त्या म्हणाल्या, “आमच्या रजिस्टरला तो डिस्चार्ज वेळेत झालेला दिसतो. डॉक्टरांनी फाइलवर सही चार वाजता केली ना. घड्याळ तिथून सुरू होतं.”

विषय तिथेच ठरला. आधीचे दोन कागद पुन्हा कुणी उघडले नाहीत.

कुठल्या दारातून जायचं

नाशिकमध्ये राहणाऱ्यांचा इथे एक गोंधळ होतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच गावात, दिंडोरी रोडला म्हसरूळला आहे. त्यामुळे आरोग्य व्यवस्थापनाची पीएच.डी. तिथेच होणार असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तुमची पदव्युत्तर पदवी कुठल्या विद्याशाखेची आहे, यावर दार ठरतं. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंगची पदव्युत्तर पदवी असेल तर आरोग्य विज्ञानाचं दार. एमबीए असेल तर व्यवस्थापन विद्याशाखेचं. सिस्टर दुसऱ्या दाराने गेल्या. त्यात त्यांचा फायदाही झाला आणि तोटाही. व्यवस्थापनाच्या समितीला रांगेचं गणित पटकन कळतं. डिस्चार्ज समरी (घरी सोडताना दिलेला उपचारांचा सारांश) म्हणजे काय आणि ती टाइप व्हायला दोन तास का लागतात, हे मात्र पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं.

दूरस्थ पद्धतीने होईल का, असंही मला बरेच जण विचारतात, कारण मुक्त विद्यापीठही नाशिकचंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत उत्तर स्पष्ट आहे : दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. ग्राह्य नाही. परदेशी संस्थेच्या नावाने ऑनलाइन पीएच.डी. विकणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा, असा इशारा यूजीसी आणि तंत्रशिक्षण परिषद एआयसीटीई यांनी त्याच वर्षी मिळून दिला होता. अर्धवेळ पीएच.डी. मात्र चालते, आणि नोकरी करणाऱ्यासाठी तोच मार्ग आहे.

बाकीचे नियम थोडक्यात. पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यातही ५५ टक्के. किमान मुदत ३ वर्षं, कमाल ६. पुनर्नोंदणी करून आणखी २ आणि महिलांना त्यावर आणखी २ वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण १०. सिस्टरांच्या वेळी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. २०२४-२५ पासून यूजीसीने नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण प्रवेशासाठी पुढे आणले आहेत. नेटमध्ये रुग्णालय व्यवस्थापनाचा स्वतंत्र पेपर नाही. त्यामुळे आता येणाऱ्या नर्सला मार्केटिंग आणि वित्त व्यवस्थापनाचीही तयारी करावी लागते. हे मला योग्य वाटत नाही, पण आहे हे असं आहे.

ना हरकत

अर्धवेळ पीएच.डी.साठी नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात काय असावं हे नियमावलीत दिलेलं आहे : कर्मचाऱ्याला अर्धवेळ शिक्षणाची परवानगी आहे, कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी सुट्टी दिली जाईल. सिस्टरांच्या रुग्णालयाने ते पत्र आनंदाने दिलं. व्यवस्थापनाने एका बैठकीत पेढेही वाटले. आपल्याकडची नर्स डॉक्टर होणार, याचं कौतुक खरं होतं.

माझी चूक इथे झाली. ते पत्र मी वाचलं, नियमात बसतं ना पाहिलं आणि फाइलला लावलं. पत्र वेळेबद्दल होतं. रुग्णालयाच्या नोंदी, संगणकातल्या बिलिंगच्या वेळा, वॉर्डातली निरीक्षणं वापरायला मिळतील की नाही, निष्कर्ष कसेही आले तरी प्रसिद्ध करता येतील की नाही, यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं. “माहितीचं काय?” असं विचारल्यावर प्रशासक तोंडी म्हणाले, “घरचंच आहे, घ्या की हवी ती.” सिस्टर त्या घरच्या होत्या आणि मी त्यांच्यामुळे घरची झाले. त्या शब्दावर आम्ही दीड वर्ष काढलं.

समितीतला प्रश्न

रुग्णालयात संशोधन म्हटलं की नीतिमत्ता समिती आली. औषधाची चाचणी नसली तरी ती लागते. २०१९ च्या नियमांनुसार आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समित्यांची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे करावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक सामान्य नागरिकही असतो.

मला वाटलं होतं, आमचं प्रकरण पाच मिनिटांत सुटेल. रक्त घ्यायचं नाही, औषध द्यायचं नाही, नुसती वेळ मोजायची. पहिला प्रश्न कायद्याच्या बाजूने आला : “वॉर्डातल्या सिस्टर नोंदी करणार. त्यांचं वार्षिक मूल्यमापन कोण करतं?” उत्तर होतं, याच, म्हणजे संशोधन करणाऱ्या आमच्या सिस्टर. मग वॉर्डातल्या सिस्टर नाही म्हणू शकतील का? हाताखालच्या माणसाची संमती मोकळी नसते, हे त्या तत्त्वांमध्येही सांगितलं आहे. मी गाईड असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तोडगा असा निघाला : नोंदी बाहेरच्या दोन प्रशिक्षित विद्यार्थिनी करतील, वॉर्डांना सांकेतिक क्रमांक दिले जातील, आणि त्या काळात त्या वॉर्डांचं मूल्यमापन सिस्टरांकडून काढून घेतलं जाईल.

दुसरा प्रश्न सामान्य नागरिक म्हणून बसलेल्या निवृत्त शिक्षिकेने विचारला. “तुम्ही वेळ कुणाच्या घड्याळाने मोजणार? डॉक्टरांच्या की पेशंटच्या?”

या प्रश्नाने प्रबंधाचं तिसरं प्रकरण घडवलं. रुग्णालयांना दर्जाची मान्यता देण्याच्या मानकांनुसार मोजणी सुरू होते ती तज्ज्ञ डॉक्टरांनी डिस्चार्जला रीतसर मान्यता दिल्यावर, आणि संपते ती रुग्ण वॉर्ड सोडतो तेव्हा. रुग्णाचं घड्याळ मात्र “उद्या घरी” हे शब्द कानावर पडले की सुरू होतं आणि गाडीत बसल्यावर थांबतं. सिस्टरांनी दोन्ही घड्याळं ठेवायचं ठरवलं. नोंदीच्या फॉर्ममध्ये नऊ वेळा आल्या : तोंडी सांगितल्याची, फाइलवर लिहिल्याची, समरी टाइप होऊन आल्याची, उरलेली औषधं फार्मसीला परत गेल्याची, बिल तयार झाल्याची, मंजुरीसाठी फाइल पाठवल्याची, मंजुरी आल्याची, गेटपास मिळाल्याची, आणि रुग्ण फाटकाबाहेर पडल्याची.

मध्येच आलेलं परिपत्रक

मोजणी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. रुग्णांचे तीन गट होते : विम्याचे कॅशलेस (ज्यांचं बिल विमा कंपनी थेट रुग्णालयाला देते), महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे, आणि रोखीने बिल भरणारे. २९ मे रोजी विमा नियामक आयआरडीएआयचं आरोग्य विम्यावरचं मुख्य परिपत्रक आलं. कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात, आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी रुग्णालयाने विनंती केल्यापासून ३ तासांत. उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या निधीतून भरायचे.

सिस्टरांचा रात्री फोन आला. “मॅडम, माझा अभ्यास गेला. आधीचा डेटा एका नियमातला, पुढचा दुसऱ्या.”

मला उलट वाटत होतं. पैसे खर्चून प्रयोग करायचा म्हटला असता तरी असा मिळाला नसता. मोजणी आधीपासून चालू, मध्ये नियम बदलला, आणि तो बदल तीनपैकी एकाच गटाला लागू. फक्त जपून पावलं टाकायची होती. जूनपासून पाऊस, मग डेंग्यू-तापाची गर्दी, वॉर्ड भरलेले. त्यातच १ जुलैपासून योजनेचं संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेलं आणि ती सगळ्या कुटुंबांना खुली झाली, म्हणजे योजनेच्या रुग्णांची ये-जाही बदलणार. म्हणून कॅशलेस रुग्णांच्या वेळेतला आधी-नंतरचा फरक नुसता बघायचा नाही. रोखीच्या रुग्णांच्या त्याच काळातल्या फरकाशी तो ताडून बघायचा. रोखीवाल्यांना विमा कंपनीची परवानगी लागत नाही. त्यांनाही उशीर होत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

आणि त्यांनाही उशीर होत होता. कॅशलेसइतका नाही, पण शेवटची गाडी चुकण्याइतका नक्कीच.

मंजुरीचा टप्पा परिपत्रकानंतर खरोखर आखडला. रुग्ण फाटकाबाहेर पडण्याची वेळ मात्र फारशी हलली नाही, कारण फाइल वॉर्डातून निघायची तेव्हाच दुपारचे चार वाजलेले असायचे. सिस्टरांनी एकेक साखळी उलटी तपासत नेली. त्या रुग्णालयातले बरेच तज्ज्ञ डॉक्टर बाहेरून येणारे. सकाळी एका ठिकाणी शस्त्रक्रिया, मग स्वतःची ओपीडी, मुंबई नाक्याची गर्दी पार करून इथे राउंडला यायला दोन वाजतात. त्यांनी मान डोलावल्याशिवाय निवासी डॉक्टर समरीला हात लावत नाहीत. टायपिस्ट एक, समऱ्या वीस. सगळ्या फाइली बिलिंगच्या खिडकीवर एकाच तासात येऊन आदळतात. विम्याच्या टेबलापुढची गर्दी सगळ्यांना दिसते, म्हणून दोष त्या टेबलाच्या आणि टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दाव्यांचं काम बघणाऱ्या संस्थेच्या माथी येतो. ती गर्दी तयार होते वॉर्डात, दुपारी.

व्यवस्थापनाला समजावं म्हणून सिस्टरांनी जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम घेतला : रांगेत सरासरी किती जण असतात, तर येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. समजा दिवसाला २४ डिस्चार्ज होतात, म्हणजे सरासरीने तासाला १. प्रत्येक जण घरी जायला तयार झाल्यावर ५ तास अडकतो. म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी ५ बेडवर बरे झालेले लोक बसलेले असतात, आणि खाली कॅज्युअल्टीत कुणीतरी बेडची वाट बघत असतं. नवं बांधकाम न करता ५ बेड. मला हे एका पानाचं गणित सगळ्या प्रबंधात सर्वांत मोलाचं वाटतं.

“टीपीएचं लिहा की”

ऑक्टोबर २०२४ मध्ये सिस्टरांनी पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष व्यवस्थापनासमोर मांडले. पाच बेडच्या स्लाइडवर सगळे सावरून बसले. राउंडच्या वेळेच्या स्लाइडवर शांतता पसरली. बैठकीनंतर प्रशासकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. “सिस्टर, डॉक्टरांचं कशाला काढता? टीपीएचं लिहा की. सगळेच लिहितात.”

त्या गृहस्थांना मी वाईट म्हणणार नाही. बाहेरून येणारे तज्ज्ञ आपले रुग्ण घेऊन येतात, ते दुखावले तर उद्या दुसऱ्या रुग्णालयात नेतील. त्यांच्यासमोर पगाराची यादी होती. पण सिस्टरांसमोर नऊ रकान्यांचे फॉर्म होते. कुठल्याही डॉक्टरचं नाव, विशेषज्ञता, काहीही त्यात नव्हतं. त्यांनी नम्रपणे सांगितलं, “सर, मी नाव कुणाचंच लिहिलेलं नाही. वेळ बदलता येणार नाही.”

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दुसऱ्या टप्प्याला परवानगी नाही. बिलिंगच्या संगणकीय नोंदी रुग्णालयाची मालमत्ता, त्या वापरू नयेत. नोकरीला हात लावला नाही, पण महिन्यातले जे दोन शनिवार अभ्यासासाठी मिळत होते ते बंद झाले. माझ्या फाइलमधलं ना हरकत पत्र मी पुन्हा काढून वाचलं. वेळेचंच पत्र होतं ते, आणि तीही आता काढून घेतली होती.

हाती काय उरलं ते सांगते. विद्यार्थिनींनी हाताने केलेल्या नोंदी नीतिमत्ता समितीने मंजूर केलेल्या आराखड्यानुसार होत्या आणि त्यात रुग्णाची ओळख नव्हती. समितीने त्या वापरायला हरकत घेतली नाही. बिलिंगच्या नोंदी आम्ही सोडल्या. त्यामुळे नऊपैकी दोन वेळांची पडताळणी गेली. ही मर्यादा प्रबंधात जशीच्या तशी लिहिली आहे. सल्लागार समितीत एक सदस्य म्हणाले, एवढ्यावर प्रबंध होतो, कशाला पुढे जाता? होतो, हे खरं होतं. मी सिस्टरांवर सोडलं. त्यांचा मुलगा दहावीला, सासूबाई आजारी, शनिवार गेलेले. त्यांनी तीन दिवस घेतले आणि म्हणाल्या, “एकाच ठिकाणचं लिहिलं तर लोक म्हणतील, त्या रुग्णालयातच खोट होती.”

यावेळी पत्राचा मसुदा मी स्वतः केला. कोणत्या नोंदी, कोणत्या काळातल्या, कुणाच्या ताब्यात, किती दिवस, निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी संस्थेला वाचायला देऊ पण बदलण्याचा अधिकार नसेल, परवानगी मध्येच मागे घेतली तर तोवर जमलेल्या माहितीचं काय. दीड पान झालं. दोन रुग्णालयांनी ते पाहून नकार दिला. तिसऱ्याने, एका धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयाने, सही केली. नवी नीतिमत्ता मान्यता, पुन्हा विद्यार्थिनींचं प्रशिक्षण, यात २०२५ चा पावसाळा उजाडला.

तिथे योजनेचे रुग्ण जास्त. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबककडचे. योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाला घरी परतायचं एसटीचं भाडंही धरलेलं असतं. सिस्टरांना ते कळल्यावर त्या मला म्हणाल्या, “भाडं धरलंय मॅडम, गाडी कुणी धरली नाही.” त्याच आठवड्यात त्यांनी फॉर्ममध्ये दहावा रकाना घातला : गावाकडची शेवटची गाडी किती वाजता. विद्यार्थिनींना ही माहिती कुठून आणावी कळेना. डेपोत जावं, की फोन करावा? मग लक्षात आलं, की वॉर्डातल्या मावशींना ती तोंडपाठ आहे. कोणत्या पाड्याला कुठली मुक्कामी गाडी, ती निमाणीवरून सुटते की सीबीएसवरून, पावसाळ्यात कुठवरच जाते. आता तो रकाना मावशीच सांगतात आणि विद्यार्थिनी लिहून घेतात.

गेल्या आठवड्यात सिस्टरांनी चौथ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा आणून दिला. दोन रुग्णालयांचे आकडे एकत्र करायचे की वेगळे ठेवायचे, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मला वेगळे हवेत, कारण पहिल्या ठिकाणी पडताळणी अपुरी आहे. त्यांना वाटतं, दहावा रकाना दुसरीकडेच असला तरी पहिल्या ठिकाणच्या फाटकाबाहेर पडण्याच्या वेळा आहेतच, त्या आणि रुग्णाचा तालुका यांवरून गाडी चुकली की नाही ते मागाहून लावता येईल. त्यासाठी त्या २०२४ चं एसटीचं वेळापत्रक शोधत आहेत.